पुढून बंद झबलं

“तुम्ही त्यांना विचारलंत का?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“विचारलं की,” मी म्हणालो.

“मग काय म्हणाल्या?”

“व्हय म्हणाली.”

धडधडीत खोटं. माझी बायको कुमुद भिंतीपलीकडच्या वॉर्डात, शेवटच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. पहाटे तिला मुलगी झाली होती. मुलगी पोटातच गेलेली होती. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

आम्ही शिंपी माणसं. आमच्या धंद्यात ‘उद्या नक्की मिळंल’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हटल्याशिवाय दुकान चालत नाही, त्यामुळे खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही. गिऱ्हाईकाला ते माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं. पण डॉक्टर देवस्थळी गिऱ्हाईक नव्हत्या. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या बाई. समोर ठेवलेला कागद त्यांनी माझ्याकडे तोंड करून फिरवला होता आणि पेनाचं टोक ओळीखाली धरून एकेक ओळ वाचून दाखवत होत्या.

“बाहेरून बाळात काही दोष दिसत नाही, कोपर्डे. आत बघितलं तर कारण कळेल. कदाचित. मी खात्री देत नाही.”

“पुढच्या बाळासाठी कळल्यालं बरं. पन आत बघायचं म्हंजे कापायला लागंल.”

“हो. गळ्याखालपासून पोटापर्यंत एक छेद. नंतर आम्ही नीट शिवून देतो.”

शिवून देतो. हा शब्द मी हजारदा उच्चारला असेल, पण त्या दिवशी तो मला ऐकवेना.

“मला हृदयाची शंका आहे,” त्या म्हणाल्या. “तसं वाटलं तर हृदय ठेवून घ्यावं लागेल. पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवायचं. दीडेक महिना लागतो. नंतर तुम्हाला परत हवं असेल तर परत देऊ, नको असेल तर इथेच त्याची व्यवस्था करू. काय लिहू?”

“हितंच करा.”

“आईंना विचारून सांगताय ना?”

“व्हय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे पाहा, आईच्या सहीशिवाय मी बाळाला हात लावत नाही. मीच येऊन बोलते त्यांच्याशी.”

“नको बाई,” मी घाईघाईनं म्हणालो. “तिला बोलवत न्हाई आत्ता. मी सही घिऊन येतो.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली, आणि त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

मी वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. आत सासूबाई कुमुदच्या पायाशी बसल्या होत्या. सकाळीच कुमुद त्यांना म्हणाली होती, “माझ्या लेकराला कुनी हात लावायचा न्हाई, आई.” मी तेव्हा दारात उभा होतो. म्हणजे तिचं उत्तर मला माहीत होतं. मी व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला आणि तिची सही केली.

अवघड नव्हतं. दुकानात मापांच्या चिठ्ठ्या तीच लिहायची. ती अक्षरं सगळी आधी बोडकी लिहिते आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एकच रेघ ओढते. कुमुद दिगंबर कोपर्डे. मीही तशीच रेघ ओढली. हात कापला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. तासगावात आमचं दुकान होतं, दोन पायमशिनींचं. एक माझी, एक तिची. मोठा दवाखाना जिल्ह्याच्या गावाला. त्याच्या दोन वर्षं आधी आमचा एक मुलगा सातव्या महिन्यात असाच गेला होता. तेव्हा कुणी काही तपासलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नशीब म्हणालो आणि परत मशीनवर बसलो. पण एकच गोष्ट दोनदा झाली, की माणसाला नशीब म्हणून गप्प बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर आवळे मला म्हणाल्या, “दादा, दुपारी बाळ तुमच्या ताब्यात देणार. अंगावर घालायला काहीतरी आणा. आई बघायचं म्हणतीया.”

“बघायचं? कशाला?”

“कशाला म्हंजे? तिचं लेकरू हाय.”

मी धरून चाललो होतो की बाळ गुंडाळून माझ्या हातात देतील, मी आणि मेहुणा परस्पर पुरून येऊ, आणि कुमुदला कधी काही कळणारच नाही. आमच्याकडे बाळंतीण तिथवर येत नाही. तिनं बघायचं म्हणणं माझ्या हिशेबातच नव्हतं.

घरात बाळाचं एकही कापड नव्हतं. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी कात्री लावायची नाही, ही आमच्या घरातली रीत. सगळ्या गावाची झबली टोपडी शिवणाऱ्याच्या घरात स्वतःच्या लेकीसाठी चिंधी नाही. मी एसटीनं तासगावला आलो आणि दुकानाची एकच फळी काढून आत शिरलो. शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडला होता. निळ्या चड्ड्या, पांढरे सदरे. कुमुदच्या मशीनवर सुईखाली एक सदरा अर्धा शिवलेला, तसाच अडकून राहिलेला होता. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा ती तिथून उठली होती.

मलमलीचा एक तुकडा होता. मी कात्री घेतली. आमच्या दुकानाचं झबलं म्हणजे पुढून उघडं, दोन बंदांचं. वडलांपासून तेच चालत आलेलं. पण पुढून उघडं झबलं म्हणजे एक बंद सुटला की छातीवरचे टाके दिसणार. म्हणून मी पुढचा भाग अखंड ठेवला, गळा वर घेतला आणि बंद मागं लावले. आयुष्यात इतक्या बारीक टाक्याचं काम मी केलं नव्हतं. शिवणीची एक कड खरखरीत राहिली नाही. ते झाल्यावर मी मशीनवर डोकं ठेवून रडलो, आणि मग बस चुकेल म्हणून उठलो.

बाळाला झबलं सिस्टरांनी घातलं. तेव्हा मी ते टाके बघितले. मला वाटलं होतं, पोतं शिवतात तसे घातले असतील. तसे नव्हते. जवळजवळ, एका मापाचे, घाई न करता घातलेले होते. सिस्टर म्हणाल्या, देवस्थळीबाईंनी स्वतः बसून घातले. बाळाच्या ओठांचा रंग काळपट होता. बाकी ते झोपल्यासारखं दिसत होतं आणि नाक माझ्यासारखं होतं.

वॉर्डाशेजारच्या रिकाम्या खोलीत कुमुदला आणलं. तिनं बाळ मांडीवर घेतलं. आधी कपाळावरून हात फिरवला, मग गालावरून. मग झबल्यावरून. तिचा अंगठा छातीवर मधोमध आला आणि थांबला. ती बंद शोधत होती.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“हे कुनी शिवलं?” तिनं विचारलं.

“मी. आत्ताच जाऊन शिवून आनलं.”

“पुढनं बंद झबलं?”

मी खिडकीकडेच तोंड ठेवलं.

“पाठीला गाठी? तान्ह्या लेकराला पाठीला गाठ टोचती, झबल्याला बंद पुढंच पायजेत, असं मला तुम्हीच शिकवलंत. लग्न होऊन मी दुकानात आली, तवा पयलं झबलं मागनं बंदाचं केलं हुतं मी. तुम्ही उसवाय लावलं हुतं.”

“गडबडीत झालं असंल.”

“गडबडीत तुम्ही काज वाकडं करत न्हाई.”

तिनं बाळाला खांद्याशी धरलं, मागचे दोन्ही बंद सोडले आणि झबलं खाली सरकवलं. सासूबाईंनी एकदम हंबरडा फोडला. कुमुदनं आवाज काढला नाही. तिनं टाके बघितले, वरपासून खालपर्यंत, एकेक. मग झबलं नीट वर घेतलं आणि बंद पुन्हा बांधले. गाठ मारली नाही, नुसता वेढा दिला.

“आई, तू जरा भाईर बस,” ती म्हणाली.

सासूबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

“कुनी सही दिली?”

“मी.”

“आईची लागत न्हाई?”

“लागती.” मी खिडकीपासून वळलो. “ती बी मीच केली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“मला इचारलं का न्हाई?”

“तू न्हाई म्हनली असतीस.”

“व्हय. न्हाईच म्हनली असती.” ती जराही चढ्या आवाजात बोलली नाही. “का, ते ठाव हाय तुम्हाला?”

“लेकराला कापायचं म्हनून.”

“ते तर हायेच.” तिनं बाळाच्या मुठीवर बोट ठेवलं. “पन दुसरं बी हाय. आठवा लागला तरी मी मशीन मारत हुती. शाळंचं कापड आल्यालं. तुम्ही म्हनला, एवढा ढीग उरकू, मग बस. दोन टायमाला तसंच झालं. तुम्हाला हेच बघायचं हुतं ना? मशिनीनं गेलं का, ते?”

मी खाली बसलो. डॉक्टरांपुढे मी पुढच्या बाळाचं नाव काढलं होतं, आणि स्वतःलाही तेच सांगत आलो होतो. पण खरं ते हेच होतं. मलाच माझी शिक्षा ऐकायची होती, नाहीतर सुटका. त्यासाठी मी तिच्या नावाची रेघ ओढली होती.

“व्हय,” मी म्हणालो. “मला झोप लागत न्हाई, कुमुद. तू मशिनीचा पायटा मारायचीस, तो आवाज ऐकू येतो.”

“आनि मला कळायला नकोच हुतं,” ती म्हणाली. “मशिनीनं गेलं असं कुनी सांगितलं, तर मी तुमच्यासंगं ऱ्हाईन का? मलाच ठाव न्हाई. म्हनून मी आईला म्हनलं, कुनी हात लावायचा न्हाई. मला संसार करायचा हुता.”

बाहेर सासूबाईंचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

“समदं परत घातलंय का?” तिनं विचारलं.

“हृदय ठिवलंय. पुण्याला धाडनार.”

“बाईंना बोलवा.”

डॉक्टर देवस्थळी आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमची फाईल होती. कुमुदनं कागद मागितला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ही सही माझी न्हाई.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या स्टुलावर बसल्या.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मला शंका आली होती. मी स्वतः यायला हवं होतं, नाही आले. तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी माझ्या हातानं लिहून देते. आणि हृदय अजून पुण्याला गेलेलं नाही. काढलंय, पण उघडलेलं नाही. आत्ता परत देते. तुम्ही म्हणाल तसं.”

मला वाटलं, झालं. ती परत मागणार. मागायलाच हवं होतं. कुमुद बाळाला मांडीवर धरून बसून राहिली. बाहेर चहावाल्याची आरोळी आली, गेली. मी तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही.

“मी मशीन मारत हुती, बाई,” ती म्हणाली. “आठव्या म्हयन्यापतोर.”

“हे बघा, त्याचा काही...”

“आत्ता सांगू नका. बघून सांगा.” तिनं हात पुढं केला. “पेन द्या. कापड एकदा कापलं की तसंच ठिवून भागत न्हाई. आता अर्धं ठिवून मी कुठं जाऊ?”

“तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. खरंच.”

“ठाव हाय. म्हनूनच देती.”

डॉक्टरांनी दुसरा कोरा फॉर्म मागवला आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला सुरुवात केली. या खेपेला ऐकणारी माझी बायको होती. ती मध्येच थांबवून विचारत होती. पुण्याला कोण बघणार? काचेत ठेवणार का? पोरांना शिकवायला दाखवणार का? यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. शेवटच्या ओळीवर ती म्हणाली, “हितं टाकायचं न्हाई. परत पायजे मला. आनि ऐकायला मी एकटीच येनार. ह्यांनी भाईर बसायचं.”

“चालेल,” डॉक्टर म्हणाल्या.

तिनं बोडकी अक्षरं लिहिली आणि वरून रेघ ओढली. माझ्या रेघेपेक्षा ती वाकडी होती.

त्या दुपारी मेहुण्यानं आणि मी मुलीला ओढ्याकाठी पुरलं. खड्ड्यात मीठ घातलं. झबलं अंगावर तेच होतं. कुमुदनं निघताना बंदांना गाठ मारली होती, पण झबलं फिरवून, गाठी पुढं घेऊन.

पुढचे दीड महिने कसे गेले विचारू नका. ती माहेरी गेली नाही. घरात असायची, भाकरी करायची, वाढायची. मला टाळत नव्हती आणि माझ्याशी बोलतही नव्हती. तिच्या मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती. शाळेचे गणवेश मी एकट्यानं उरकले. तिचा तो अर्धा सदरा पुरा करायला मात्र मला चार दिवस लागले.

पत्र आलं तेव्हा आम्ही दोघं एसटीनं गेलो. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकडं होतं. “बसा,” ती म्हणाली आणि आत गेली. दार लागलं.

आत ती किती वेळ होती, सांगता येत नाही. मला डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा कुमुद रडल्यासारखं वाटलं. एकदा ती काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. मी बाकड्यावर बसून देवाला म्हणालो, जे असेल ते असू दे, पण तिला माझ्याबरोबर राहू दे. खरं काय ते कळावं, असं मी मागितलं नाही. इतकं सगळं करून शेवटी मी तिच्याच जागी येऊन पोचलो होतो.

ती बाहेर आली. एका हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला लहान डबा होता, दुसऱ्या हातात पाकीट. माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजले होते. तिनं माझ्याकडे न बघता पदर खोचला आणि म्हणाली,

“मशिनीनं न्हाई.”

मी बाकड्यावरून उठलो.

“मग कशानं?”

“मशिनीनं न्हाई, म्हनलं ना.” तिनं पाकीट माझ्यापुढं धरलं. “ह्यात समदं लिवलंय. इंग्रजीत हाय. पायजे तर कुनाकडनं बी वाचून घ्या. मी अडवत न्हाई. पन वाचून घेतलंत, तर मी सांगितल्यालं तुम्हाला पुरलं न्हाई, असं मी धरीन.”

पाकीट हातात घेतलं. चिकटवलेलंही नव्हतं. समोरच्या खिडकीत बसलेल्या कारकुनानंसुद्धा मला वाचून दाखवलं असतं. ती खरं बोलत असेल, किंवा मी तिच्या नावानं खोटं बोललो तशी ती माझ्यासाठी बोलत असेल. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि तिला ते कळू द्यायचंही नव्हतं. ज्या कागदासाठी मी माणसातून उठलो होतो, तो कागद माझ्या बोटांत होता.

मी पाकीट तिला परत दिलं.

“चल,” मी म्हणालो. “बस चुकंल.”

डबा आम्ही दोघांनी मिळून ओढ्याकाठी पुरला. मी उकरलं, तिनं माती लोटली.

तीन वर्षांनी आम्हाला केतकी झाली. त्या खेपेला तिसरा महिना लागल्यापासून कुमुदनं मशीनला पाय लावला नाही. मी विचारलं, “डॉक्टरांनी सांगितलंय व्हय?” ती म्हणाली, “न्हाई. मला वाटतंय.” त्या उत्तराचा मी रात्रंदिवस कीस काढू शकलो असतो. काढला नाही असं म्हणणार नाही, पण तिच्यासमोर कधी काढला नाही. पाकीट तिच्या ट्रंकेत होतं. ट्रंकेला कुलूप नव्हतं, आणि वर्षातून चार दिवस ती माहेरी जायची.

गेल्या वर्षी केतकीला दिवस गेले. ती पुण्यात असते. तिच्या डॉक्टरांनी घराण्यातला सगळा इतिहास विचारला, म्हणून ती गावी आली तेव्हा तिनं आईला विचारलं, “माझ्या आधीच्या दोन बाळांचं काय झालं होतं? काही कागद आहेत का?” कुमुदनं हात पुसले, आत गेली आणि पाकीट आणून लेकीच्या हातात ठेवलं. कागद पिवळा पडला होता.

केतकीनं घडी उलगडली, चष्मा लावला. “सगळं टाइप केलेलं आहे. मोठ्यानं वाचू का?”

मी खुर्चीवरून उठलो आणि चपला पायात घालायला लागलो.

“कुठं निघालासा?” कुमुदनं विचारलं.

“जरा दुकानाकडं.”

“बसा की.” ती थांबली. मग म्हणाली, “आता ऐकलंत तरी चालंल.”

“मला तू सांगितलंयस की,” मी म्हणालो, आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो.

कोपऱ्यापर्यंत गेलो असेन. मागं चपलांचा आवाज आला. कुमुद पदर सावरत येत होती. जवळ आली, धाप लागली होती. तिनं माझा हात धरला, भर रस्त्यात, सगळं गाव बघत असताना. मग आम्ही दोघं दुकानाकडे चालत गेलो.